हौद्यात कॅम्पर, मागे जड ट्रेलर: पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पिकअपच्या हौद्यात राहण्याजोगा कॅम्पर बसवायचा आणि त्याच पिकअपमागे मोटारसायकली, होडी किंवा स्टॉलचे सामान वाहणारा जड ट्रेलर जोडायचा, ही मांडणी अमेरिकेत अनेक वर्षांपासून रुळलेली आहे. पुण्यात पिकअप बाळगणाऱ्या हौशी मंडळींनाही तिचे आकर्षण वाटते, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा इंजिनाविषयी असतो: ‘‘एवढं वजन ओढेल का?’’ आजच्या डिझेल पिकअपचे इंजिन सपाट रस्त्यावर पुष्कळ ओढते, त्यामुळे अडचण तिथे येत नाही. अडचण येते ती मागच्या ॲक्सलपाशी. कॅम्परचे जवळजवळ सगळे वजन मागच्या ॲक्सलवर येते, ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडणाऱ्या दांडीचे वजनही तिथेच येते, आणि दोन्ही एकाच खात्यातून वजा होतात. हा हिशेब जुळला तर बाकीच्या गोष्टी शिकण्यासारख्या आणि सरावाच्या आहेत. तो जुळला नाही तर कितीही निष्णात चालकाने ही जोडगाडी रस्त्यावर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. परदेशी चित्रफितींमध्ये कॅम्परसह मोठा ट्रेलर ओढताना जी पिकअप दिसते, तिला पुष्कळदा मागे दोन्ही बाजूंना दुहेरी चाके असतात. फोर्ड एफ-३५० सारख्या त्या वर्गातील गाड्यांचे एकूण भारित वजन ६,३५० किलोपर्यंत जाते. आपल्याकडच्या डबल कॅब पिकअप साधारण अडीच ते तीन टनांच्या आहेत. तिकडचा कॅम्पर आणि तिकडचा ट्रेलर मनात धरून इथली गाडी निवडू नये. आधी गाडीचे आकडे पाहावेत आणि त्यांत बसेल असा हलका कॅम्पर व बेताचा ट्रेलर शोधावा.

पहिली पायरी: आरसी आणि गाडीवरची पाटी वाचणे

गाडीच्या आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि एकूण भारित वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी किती भार वाहू शकते ते कळते. या भारात कॅम्पर, त्यातले पाणी, भांडीकुंडी, बॅटऱ्या, गाडीत बसणारी माणसे, हिचचे (ट्रेलर अडकवण्यासाठी गाडीमागे लावलेल्या सांध्याचे) लोखंड आणि ट्रेलरच्या दांडीचे वजन हे सगळे धरायचे असते. विक्रेता सांगतो ते कॅम्परचे वजन बहुतेक वेळा रिकाम्या कॅम्परचे असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो तिथेच गेले.

यानंतर पुढच्या व मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा पाहावी. ती दाराच्या चौकटीजवळच्या पाटीवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत मिळते, आणि न मिळाल्यास उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी मागवावी. ट्रेलर ओढण्याची मर्यादा आणि हिचच्या गोळ्यावर (ज्यावर ट्रेलरची दांडी बसते) पडणाऱ्या उभ्या वजनाची मर्यादा हे आणखी दोन आकडे आहेत. येथे नवखे लोक हमखास फसतात, कारण त्याच नावाच्या गाडीचे ऑस्ट्रेलियातील ३,५०० किलो ओढण्याचे आकडे इंटरनेटवर सहज सापडतात. ते आकडे तिथल्या गाडीचे, तिथल्या हिचचे आणि ब्रेक असलेल्या ट्रेलरचे आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जे छापले आहे तेवढेच ग्राह्य धरावे, आणि काहीच छापले नसेल तर लेखी उत्तर हाती येईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी होते, त्याचा क्रमांक त्याच्यावर असतो, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसेल असा लावावा लागतो. त्यामुळे कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ट्रेलर बांधून घेण्याआधी तो नोंदणीस पात्र कागदपत्रे देणार आहे का, हे विचारावे. आरसीवर नोंदलेल्या वजनापेक्षा जास्त भार घेऊन गाडी चालवल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, आणि त्यावर जादा असलेल्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. कॅम्पर हौद्याला कायमचा जखडण्याचा किंवा हौदाच काढून टाकण्याचा विचार असेल तर कलम ५२ लागू होते. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यापूर्वी संगम पुलाजवळच्या किंवा मोशीच्या परिवहन कार्यालयात जाऊन लेखी परवानगीची वाट धरावी. विमा कंपनीलाही कॅम्पर आणि ट्रेलर या दोन्हींची माहिती द्यावी, आणि तिचे उत्तर ई-मेलवर घ्यावे.

दुसरी पायरी: काटा करणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. चाकण, वाघोली, फुरसुंगी या ट्रकांच्या पट्ट्यांत वजनकाटे जागोजागी आहेत. सकाळी लवकर जावे, कारण पुढे ट्रकांची रांग लागते आणि मागून हॉर्न वाजू लागले की नवख्याचा गोंधळ उडतो. काटेवाल्याला आधीच सांगावे: ‘‘दादा, मला ॲक्सलचं वेगवेगळं वजन पाहिजे, चार-पाच पावत्या होतील.’’ बहुतेक काटेवाले समजूतदारपणे सहकार्य करतात. प्रवासाला निघताना असेल तसाच सगळा भार भरून जावे: पाण्याची टाकी भरलेली, डिझेल भरलेले, जाणारी माणसे जागेवर बसलेली.

पहिल्यांदा ट्रेलर सोडून ठेवून फक्त पिकअपचे पूर्ण वजन करावे. मग पुढची चाके काट्यावर आणि मागची बाहेर ठेवून दुसरे वजन करावे. पूर्ण वजनातून ते वजा केले की मागच्या ॲक्सलचे वजन मिळते. त्यानंतर ट्रेलर जोडावा आणि पिकअपची चारही चाके काट्यावर, ट्रेलरची चाके मात्र काट्याबाहेर, अशी गाडी उभी करावी. हे वजन पहिल्या पूर्ण वजनापेक्षा जितके जास्त, तितके ट्रेलरच्या दांडीचे वजन गाडीवर पडलेले आहे. मग जोडलेल्या स्थितीतच पुढची चाके एकटी मोजावीत, आणि शेवटी संपूर्ण जोडगाडी काट्यावर घ्यावी. पावतीवर कोणती चाके काट्यावर होती हे लगेच पेनाने लिहून ठेवावे, कारण घरी आल्यावर सगळ्या पावत्या सारख्याच दिसतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पिकअपचे रिकामे वजन १,९०० किलो आणि एकूण भारित मर्यादा २,९०० किलो आहे. भरलेला कॅम्पर ४८० किलो, माणसे व सामान २०० किलो, हिच आणि गोळा मागे नेणारी तिची वाढीव दांडी ४० किलो. काट्यावर पिकअप २,६२० किलो भरली. त्यांपैकी पुढच्या ॲक्सलवर १,२२० आणि मागच्यावर १,४०० किलो. ट्रेलर १,५०० किलोचा आहे आणि त्याच्या दांडीचे वजन १५० किलो. पिकअपचे एकूण वजन २,७७० किलो झाले, म्हणजे मर्यादेत १३० किलो शिल्लक आहेत. येथवर सगळे ठीक दिसते.

आता मागचा ॲक्सल पाहू. दांडीचे १५० किलो मागच्या चाकांच्याही मागे, हिचच्या गोळ्यावर पडतात. पहारीने दगड उचलताना जे घडते तेच येथे घडते: मागचा ॲक्सल टेकू होतो, गाडीचे नाक किंचित उचलले जाते आणि पुढून हलका झालेला भारही मागच्या चाकांवर येतो. दोन ॲक्सलमधील अंतर ३.१ मीटर आणि मागच्या ॲक्सलपासून गोळ्यापर्यंतचे अंतर १.३ मीटर असेल, तर १५० किलोंचे मागच्या ॲक्सलवर २१३ किलो होतात आणि पुढचा ॲक्सल ६३ किलोंनी हलका होतो. परंतु कॅम्परचा मागचा भाग हौद्याबाहेर येत असल्यामुळे गोळा आणखी मागे न्यावा लागतो. ६० सेंटिमीटरची वाढीव दांडी लावली की तेच १५० किलो मागच्या ॲक्सलवर २४२ किलो होतात आणि पुढून ९२ किलो कमी होतात. मागच्या ॲक्सलची मर्यादा १,६३० किलो असेल, तर या गाडीचा मागचा ॲक्सल १,६४२ किलोंवर जाऊन मर्यादा ओलांडतो, आणि एकूण वजन मात्र नियमात असते. पुढची चाके हलकी झाल्यामुळे स्टिअरिंगची पकड व पुढच्या ब्रेकचा जोर हे दोन्ही घटतात. घाटातल्या वळणावर नेमकी याच दोन गोष्टींची गरज असते.

म्हणूनच कॅम्पर निवडताना त्याची लांबी किलोंइतकीच महत्त्वाची मानावी. हौद्याच्या झाकणाआत संपणारा, ज्याचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या वर किंवा थोडा पुढे येतो असा लहान कॅम्पर घेतला, तर वाढीव दांडीची गरजच पडत नाही. माझा कौल नेहमी अशाच कॅम्परला असतो, मग त्यात उभे राहून स्वयंपाक करता आला नाही तरी चालेल.

गॅरेजमध्ये या टप्प्यावर एक सल्ला हमखास मिळतो: ‘‘साहेब, मागे एक पाटा वाढवून घ्या, काही होत नाही.’’ स्प्रिंगचा पाटा वाढवला किंवा हवेच्या पिशव्या लावल्या की गाडीची बसलेली पाठ वर येते, हे खरे आहे. परंतु ॲक्सलची नळी, बेअरिंग, चाकांच्या डिस्क, टायर आणि ब्रेक हे होते तसेच राहतात, आणि आरसीवरचा आकडाही तोच राहतो. गाडी समतल दिसू लागल्यामुळे जादा भार डोळ्यांआड होतो, म्हणून हा उपाय मर्यादेत असलेल्या गाडीची चाल सुधारण्यापुरताच करावा.

तिसरी पायरी: टायर

टायरच्या बाजूवर आकारानंतर एक भारांक छापलेला असतो. ११० म्हणजे एका टायरला १,०६० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. दोन मागच्या टायरांची बेरीज काट्यावरच्या मागच्या ॲक्सलच्या वजनापेक्षा भरपूर जास्त असली पाहिजे. हवा टायर थंड असताना, भारित गाडीसाठी पुस्तिकेत दिलेल्या दाबाएवढी भरावी. पेट्रोल पंपावरचा मुलगा सवयीने ३२ भरतो, त्याला आपला आकडा सांगावा. ट्रेलरचे टायर फारसे झिजत नाहीत पण उन्हात उभे राहून कडक होतात. बाजूवरचा चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. रबराला बारीक भेगा दिसल्या की नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर बदलावा.

चौथी पायरी: ट्रेलर भरणे आणि दांडीचे वजन राखणे

जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या किंचित पुढे, तळाशी आणि मध्यरेषेवर ठेवावे. एकूण वजनापैकी सुमारे ६० टक्के ॲक्सलच्या पुढे असावे असा ढोबळ नियम आहे. दांडीवर ट्रेलरच्या वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के भार पडला की ट्रेलर सरळ चालतो. कॅम्परमुळे गाडी आधीच भरलेली असल्याने दांडी हलकी करण्याचा मोह होतो, आणि सामान मागे सरकवून तो सहज भागवताही येतो. तसे कदापि करू नये. दांडी हलकी झाली की वेगात ट्रेलरची शेपटी डुलू लागते आणि एकदा डुलणे वाढले की ते चालकाच्या हाती राहत नाही. दांडीचे वजन गाडीला पेलत नसेल, तर ट्रेलरच हलका घ्यावा.

मोठ्या काट्यावर १० किलोंच्या टप्प्याने वजन येते, म्हणून दांडीचे वजन घरी नेमके मोजून घेतलेले बरे. मार्केट यार्डात पोती तोलण्यासाठी वापरतात तसा ३०० किलोंचा प्लॅटफॉर्म काटा मिळाला तर उत्तम. ट्रेलर समतल जागेवर उभा करून, चाकांना ओट (दगड किंवा लाकडी पाचर) लावून, दांडी प्रवासातल्या उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवायचा आणि कपलर (दांडीच्या टोकाचा, गोळ्यावर बसणारा भाग) त्यावर टेकवायचा. घरातला लहान काटाच असेल तर तीन फुटी भक्कम फळी घ्यावी. तिचे एक टोक विटेवर ठेवलेल्या नळीवर आणि दुसरे काट्यावर ठेवलेल्या नळीवर टेकवावे, आणि दांडी विटेकडच्या नळीपासून एक फुटावर टेकवावी. काट्यावर दांडीच्या वजनाचा तिसरा हिस्सा येतो. नुसत्या फळीचे वजन आधी पाहून वजा करावे आणि उरलेल्या आकड्याला तिनाने गुणावे.

पाचवी पायरी: हिच, गोळा आणि साखळ्या

हिच गाडीच्या चासीला बोल्टने जोडणारी, तिच्यावर ओढण्याची व उभ्या वजनाची मर्यादा कोरलेली असावी. वाढीव दांडी लावली की हिचची मूळ मर्यादा उरत नाही, ती कमी होते. किती कमी होते ते दांडीच्या उत्पादकाने लिहून दिलेले असेल तरच ती दांडी वापरावी. घरगुती वेल्डिंगने लांबवलेली दांडी जड ट्रेलरसाठी वापरू नये. बंपरला लावलेल्या गोळ्याचा तर विचारही करू नये.

गोळ्याच्या माथ्यावर त्याचे माप कोरलेले असते. आंतरराष्ट्रीय प्रचलित माप ५० मिलिमीटर आहे आणि अमेरिकी माप २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण ५० च्या गोळ्यावर २ इंचांचा कपलर सैल बसतो आणि खड्ड्यात आदळआपट करतो. उलट जोडीत कपलरची कडी पूर्ण बंद होत नाही. माप वाचूनच जोडी लावावी.

जोडण्याचा क्रम असा ठेवावा. कपलर गोळ्यावर उतरवावा, कडी बंद करून पिन घालावी, आणि मग ट्रेलरच्या दांडीचा जॅक पुन्हा फिरवून दांडी दोन-तीन इंच वर उचलावी. पिकअपची पाठ दांडीबरोबर वर आली तर गोळा खरोखर पकडला गेला आहे. कपलर एकटाच वर आला तर कडी नुसती दिसायला बंद आहे. या एका कृतीला अर्धा मिनिट लागतो आणि ती कधीही टाळू नये. त्यानंतर दोन्ही साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देत लावाव्यात, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते. साखळी वळणापुरती सैल असावी, रस्त्याला घासणारी नसावी. ट्रेलर तुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार मात्र साखळीला न अडकवता गाडीच्या पक्क्या भागाला स्वतंत्र अडकवावी. शेवटी दिव्यांची जोडणी करावी आणि एका माणसाला मागे उभे करून ब्रेकचा दिवा, दोन्ही इंडिकेटर आणि रात्रीचे दिवे तपासावेत.

भार पुढच्या चाकांकडे परत ढकलणारी स्प्रिंगच्या दांड्यांची हिच मिळते आणि ती उपयोगी आहे. परंतु तिने गाडीची एकूण मर्यादा वाढत नाही, आणि प्रत्येक कपलरला किंवा वाढीव दांडीला ती चालत नाही. दोन्हींच्या उत्पादकांची संमती असेल तरच ती लावावी.

सहावी पायरी: ट्रेलरचे ब्रेक

युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपणही तीच रेषा मानावी. ब्रेक दोन तऱ्हांचे मिळतात. ओव्हररन प्रकारात गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलरचा दांडा आत दबतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. रचना साधी आहे, पण लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत राहतो आणि त्याचे ड्रम सतत घासून तापतात. इलेक्ट्रिक प्रकारात चालकाजवळ नियंत्रक असतो आणि ट्रेलरचे ब्रेक वेगळे हातानेही लावता येतात. सह्याद्रीचे घाट ओलांडायचे असतील तर मी दुसऱ्या प्रकाराची शिफारस करतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या वेगात फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावून पाहावा. ट्रेलर गाडीला मागे ओढतो आहे असे जाणवले पाहिजे, पण त्याची चाके घसरता कामा नयेत. भार बदलला की हे पुन्हा जुळवावे.

सातवी पायरी: कॅम्परची बांधणी आणि मागचे दिसणे

कॅम्परखाली रबरी मॅट असावी आणि चारही कोपऱ्यांचे ताणपेच (फिरवून आवळायचे बांधणीचे पेच) चासीशी जोडलेल्या आधारांना बांधलेले असावेत. हौद्याच्या पातळ पत्र्याला बांधलेला पेच पत्रा फाडतो. निघाल्यावर २०-२५ किलोमीटरवर थांबून पेच पुन्हा आवळावेत, कारण कॅम्पर पहिल्या धक्क्यांत जागा घेतो आणि पेच सैल पडतात. गॅसचा सिलिंडर चालत्या गाडीत बंदच असला पाहिजे. एकूण उंची टेपने मोजून स्टिअरिंगजवळ चिकटवावी. रेल्वेखालचे बोगदे, उंचीच्या कमानी आणि शहरातल्या लोंबत्या तारा यांच्यापुढे अंदाज कामाचा नाही.

कॅम्पर बसवल्यावर आतला आरसा निरुपयोगी होतो आणि बाहेरच्या आरशांतही फक्त कॅम्परची भिंत दिसते. बाहेर काढता येणारे रुंद आरसे लावावेत, आणि शक्य असल्यास ट्रेलरच्या मागे कॅमेरा बसवावा.

आठवी पायरी: सराव आणि पहिले रस्ते

सुटीच्या सकाळी औद्योगिक वसाहतीतला रुंद, रिकामा रस्ता किंवा परवानगी घेऊन एखादे मैदान गाठावे. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात सरकवावा. कॅम्परमुळे ट्रेलर वळू लागल्याचे उशिरा दिसते, म्हणून थोडे थोडे वळवावे, आणि आरशात ट्रेलर एका बाजूला जास्त दिसू लागला की थांबून पुढे घ्यावे. मागे उभा असलेला साथीदार आरशात दिसत नसेल तर गाडी हलवायची नाही, हा नियम दोघांनी पाळावा.

पहिल्या प्रवासासाठी सोलापूर रस्ता चांगला आहे. हडपसरची गर्दी ओलांडली की भिगवणपर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटरचा टप्पा बहुतांशी सपाट आहे, आणि थांबायला ढाबे व पंप भरपूर आहेत. ताशी ६०-७० च्या पुढे जाऊ नये आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे. पहिल्या थांब्यावर ट्रेलरच्या प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हाताची मागची बाजू न्यावी. एकच हब इतरांपेक्षा बराच गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मोठी बस शेजारून वेगात गेली की तिच्या हवेने आधी ढकलल्यासारखे आणि मग ओढल्यासारखे होते. त्याने ट्रेलर डुलू लागला तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि हाताने लावता येणारे ब्रेक असतील तर फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये, डुलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवत बसू नये, आणि वेग वाढवून सावरण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. नंतर बाजूला थांबून सामान मागे सरकले आहे का ते पाहावे.

सपाट रस्त्याची सवय झाल्यावर सातारा रस्ता घ्यावा. खंबाटकीची चढण इंजिन आणि गिअरबॉक्स किती तापतात हे दाखवते. तापमानाचा काटा चढू लागला की एसी बंद करावा, खालचा गिअर घ्यावा आणि डावीकडच्या मार्गिकेत संथपणे जावे. ताम्हिणी आणि वरंधा यांची अरुंद वळणे मात्र नवख्याने या जोडगाडीसाठी निवडू नयेत.

परतताना नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार लागतो. या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांनी घेतलेले बळी पुणेकरांना सांगायला नकोत. उतार दिसायला सौम्य आहे पण लांब आहे, आणि गाडी नकळत वेग घेते. बोगद्याबाहेर पडण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर घ्यावा, ऑटोमॅटिक गाडीत हाताने गिअर निवडावा, आणि तो गिअर पूल ओलांडेपर्यंत सोडू नये. ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. वेग ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की ठामपणे ब्रेक लावून तो खाली आणावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेक थंड होतात. न्यूट्रल तर एका क्षणासाठीही करू नये. ब्रेकचा जळका वास आला, किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले, तर गिअर आणखी खाली घेऊन पहिल्या सुरक्षित जागी थांबावे आणि ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये.

मुक्कामी सोडणे

ट्रेलर शक्यतो समतल जागेवर सोडावा. सर्वांत आधी त्याच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून व मागून ओट लावावी, मग ट्रेलरचा हँडब्रेक ओढावा, आणि त्यानंतरच दिव्यांची वायर, तुटल्यास ब्रेक लावणारी तार आणि साखळ्या या क्रमाने काढाव्यात. जॅकखाली फळी ठेवावी, कारण पावसाळ्यात मातीत जॅकचा पाय रुततो आणि सकाळी कपलर गोळ्याच्या उंचीवर येत नाही. दांडी उचलून गोळा मोकळा झाला की पिकअप हातभर पुढे घेऊन थांबावे, ट्रेलर जागेवर स्थिर आहे हे उतरून पाहावे, आणि मगच गाडी बाजूला न्यावी.